रिकामी दाखवलेली जागा

माझ्या बहिणीचा आवाज चहा गाळता गाळता गेला.

"तेजू, साखर सं–" एवढं ती बोलली आणि पुढचं आलंच नाही. ओठ हलत होते. गळ्यावरच्या पट्टीचा हिरवा दिवाही लागलेला होता. तिनं पट्टी काढली, ओढणीनं पुसली, परत लावली आणि पुन्हा ओठ हलवले. मग हातातलं पातेलं दाणकन ओट्यावर आपटलं. ताईला राग आला की ती भांडी आपटते, आणि या वेळी भांडं आपटण्याखेरीज दुसरा कुठला आवाज तिच्याजवळ राहिला नव्हता.

मी पट्टीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. यंत्रातली गोड बाई म्हणाली, "वरदा हर्षवर्धन जगदाळे या सदस्याला आपल्या कुटुंबप्रमुखांनी वगळले आहे. पुन्हा सामील होण्यासाठी कृपया कुटुंबप्रमुखांशी संपर्क साधा." मला त्या बाईचा गळा धरावासा वाटला, पण तिला गळाच नव्हता.

ताईची स्वरपेटी तीन वर्षांपूर्वी कॅन्सरनं काढावी लागली. स्वरपेटी गेली तरी मेंदू गप्प बसत नाही. 'साखर' म्हणायचं मनात आलं की तो गळ्याच्या मज्जातंतूंना हुकूम सोडतोच. तिथं हुकूम पाळायला कुणी नसतं, इतकंच. मिरजेच्या स्वरोपचार केंद्रात 'वाचा' नावाची एक पट्टी मिळते. ती गळ्यावर बसते, ते हुकूम पकडते आणि त्यांचं बोलणं करते. प्रत्येक माणसाचे हुकूम निराळे, म्हणून प्रत्येकाला आपली पट्टी शिकवावी लागते. हे शिकवणं ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच जमतं, तंतू ताजे असतात तोवर. ताईनं ते महिने आरशासमोर बसून काढले. एकेक शब्द कुजबुजून, साधा आणि ओरडून, असा तीन परींनी म्हणायचा. त्यातून तिची एक फाइल तयार झाली आणि तिच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला स्वर त्या फाइलीत भरला गेला. पुढं तंतू आणि फाइल एकमेकांना जगवतात. बोलणं थांबलं की तंतू काही आठवड्यांत सुकतात, आणि सुकलेल्या तंतूंना पुन्हा शिकवता येत नाही. थोडक्यात, फाइल गेली की आवाज गेला, आणि तो जन्माचा गेला.

ही फाइल पट्टीत नसते. केंद्राच्या मशीनवर असते. 'आपल्या सुरक्षिततेसाठी,' असं माहितीपत्रकात फुलं-बिलं काढून छापलंय.

आता कुटुंबप्रमुख कोण, ते सांगते. हर्षवर्धन जगदाळे, माझे दाजी. सांगलीत ट्रॅक्टरची एजन्सी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'वरदा' असं नाव लिहून त्यांनी आमची केतकी नेली. तिला कुणी विचारलं नव्हतं. केतकीचं फूल महादेवाला चालत नाही आणि जगदाळ्यांचं कुलदैवत शंभू महादेव, एवढं कारण सासूबाईंना पुरलं. ऑपरेशन झालं तेव्हा ताईच्या आरोग्यपत्रावर माहेरचं नाव होतं आणि दाजींनी घेतलेल्या 'वाचा कुटुंब योजने'त सासरचं. केंद्रानं एकाच फाइलीला दोन्ही नावं लावून टाकली. त्यात काही चूक नव्हती. एका फाइलीला दोन नावं असू शकतात, मशीनचं त्यानं काही अडत नाही.

आवाज परत आल्यावर त्या घरात तिला तो बहुतेक कुजबुजूनच वापरावा लागला. "बायकांनी जरा हळू बोलावं," हे सासूबाईंचं पालुपद. गेल्या उन्हाळ्यात ती कोल्हापूरला माझ्याकडे निघून आली आणि त्यानंतर तिनं घटस्फोटाची नोटीस पाठवली.

मी दाजींना फोन लावला.

"दाजी, ताईचं नाव काढलंत तुम्ही?"

"काढलं. नोटीस तिनंच धाडली न्हवं? ते नाव आमच्या घरचं हाय. घर सोडलं, नाव सोडलं."

"तिचा आवाज गेलाय."

ते म्हणाले, "आवाजाला मी कुठं हात लावला? मी नुसतं नाव काढलं की."

मला राग याचाच आला की हे त्यांचं म्हणणं खरं होतं. दोन नावांतलं एक काढलं तर आवाज जायला नको होता. मी ताईला गाडीत घातलं आणि मिरजेचा रस्ता धरला.

माझं कोल्हापुरात मेलेल्या डिस्कमधून माहिती काढून द्यायचं दुकान आहे. लोक लग्नाची चित्रीकरणं आणतात, वकिलांची दप्तरं आणतात, एकदा या केंद्रानंही एक डिस्क आणली होती. त्यामुळे तिथला सिस्टिम बघणारा सिद्धेश म्हेत्रे मला ओळखत होता. हुशार पोरगा, पण पट्टी बनवणारी कंपनी काय म्हणेल या धाकात अर्धा वाळलेला.

"तुम्ही बघा मॅडम, पण कशाला हात लावू नका," तो म्हणाला.

मी काळ्या पडद्यावर दुरुस्तीची आज्ञा टाईप केली, तीही 'फक्त बघ, काही बदलू नको' या अटीवर. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या आणि एका ओळीपाशी मी बोट ठेवलं. मशीन म्हणत होतं: 'खराडे केतकी शिवाजी' ही नोंद एका रिकाम्या जागेकडे बोट दाखवते. नोंद पुसू का?

हे कळायला एक मोठं भांडारघर डोळ्यांसमोर आणा. आत कोनाडेच कोनाडे, प्रत्येकाला नंबर. दाराशी नावांची पाटी, नावापुढं कोनाड्याचा नंबर. आणि प्रत्येक कोनाड्यावर खडूनं एक आकडा लिहिलेला: किती नावं या कोनाड्याकडे बोट दाखवतात. पाटीवरचं एक नाव खोडलं की खडूचा आकडा एकानं उतरतो. शून्य झाला की कोनाडा रिकामा. आतला माल कुणी लगेच फेकत नाही, नुसतं वर 'रिकामा' लिहितात. पुढं ज्याला जागा लागेल तो तिथं आपला माल टाकतो, आणि तेव्हा आधीचा माल खरोखर जातो.

ताईच्या कोनाड्यावर दोन लिहिलेलं असायला हवं होतं. दाजींनी एक नाव खोडल्यावर एक उरायला हवा होता. इथं शून्य झाला होता. म्हणजे आधीच कुणीतरी दोनाचा एक करून ठेवला होता.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

सिद्धेशनं खुर्ची जरा मागं सरकवली. "दिवाळीनंतर कंपनीची मोहीम झाली. एक रुग्ण, एक नाव. दुरुस्तीच्या आज्ञेत त्यांनी स्वतःचा नियम घातला, की आकडा एकापेक्षा मोठा दिसला तर ती चूक समजायची आणि एक करायचा."

"आणि नावं दोन ती दोनच ठेवली?"

"नावं काढायला कुटुंबप्रमुखांची परवानगी लागते, मॅडम. आकड्याला लागत नाही."

"कुणाकुणाची निघाली दोन नावं?"

तो पडद्याकडे बघत राहिला. "बायकांचीच."

"आणि हे मशीन चालू असताना केलं? लोक बोलत असताना?"

"सेवा बंद ठेवता येत नाही ना."

"ही आज्ञा प्रत्येक बदलाआधी थांबून विचारते. उत्तरं कुणी दिली?"

"सगळ्यांना 'हो' म्हणायचा पर्याय असतो, मॅडम. कंपनीची पद्धतच ती आहे. नाहीतर एकेका प्रश्नाला उत्तर देत कोण बसणार?"

मी टेबलावर हात आपटला. त्याच्या कपातला चहा बशीत सांडला. मला या आज्ञेचा स्वभाव वर्षानुवर्षं माहीत आहे. तिला तुमचा माल वाचवायचा नसतो, तिला पाटी आणि खडूचा मेळ घालायचा असतो. माल पुसून टाकला तरी मेळ बसतोच. म्हणूनच तर ती विचारते, आणि म्हणूनच समोर एक विचार करणारं माणूस बसावं लागतं. ज्या गावातल्या निम्म्या बायकांना लग्नात दुसरं नाव मिळतं, त्या गावात बसून या शहाण्यांनी दोन नावांना चूक ठरवलं. परदेशातल्या कुणी केलं असतं तर मी समजून घेतलं असतं.

ताई माझ्यामागं उभी होती. तिनं फोनवर टाईप करून माझ्यापुढं धरलं: 'आहे का गेलं?'

"आहे," मी म्हणाले. "कोनाडा रिकामा म्हणून लिहिलाय, पण नंबर आहे. तुझं माहेरचं नाव अजून पाटीवर आहे ना, तेच बोट दाखवतंय. ते पुसलं गेलं तर मला कुठं शोधायचं हेही कळणार नाही. आणि इथला प्रत्येक रुग्ण बोलतो तेव्हा त्याची फाइल वाढते, ती वाढ रिकाम्या जागेत लिहिली जाते. त्यातली तुझी जागा कधीही कुणाची होईल. मशीन आत्ताच्या आत्ता थांबवलं पाहिजे."

सिद्धेश आम्हाला केंद्राच्या प्रमुख डॉ. शुभदा आळतेकर यांच्याकडे घेऊन गेला. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणानं मला आणखी चिडायला होतं.

"सेवा खंडित करता येणार नाही," त्या म्हणाल्या. "करार आहे. आणि पाटीवरची चुकीची नोंद म्हणाल तर आज संध्याकाळी कंपनी दुरुस्ती चालवणारच आहे. ती आपोआप पुसली जाईल."

"तीच तर पुसू देऊ नका म्हणतेय मी!"

"ओरडू नका. आपल्या बहिणीची अगदीच गैरसोय होणार नाही. टाईप केलं की बोलणारं यंत्र आम्ही देऊ. बायकांचे सहा आवाज आहेत त्यात, दोन तर अस्सल मराठी."

ताईनं टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला. मी तिचा हात धरला, पण खरं सांगायचं तर तो धरायची मला इच्छा नव्हती.

"मॅडम," मी विचारलं, "लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"उद्या तुमच्या गळ्यावर पट्टी आली तर तुमच्या घरच्यांनी फक्त एक नाव खोडायचा अवकाश आहे. एवढाच संबंध."

त्यांचा चेहरा जरा हलला. पण खुर्ची जड असते. "एक जरी रुग्ण जोडलेला असेल तर मशीन बंद होणार नाही," त्या म्हणाल्या. "एकही नसेल तेव्हा या." मला घालवून द्यायलाच त्यांनी ते म्हटलं. मी मात्र ते शब्द जसेच्या तसे उचलले आणि सिद्धेशला खुणेनं 'ऐकलंस ना' म्हणून विचारलं. त्यानं ऐकलं होतं.

तो मंगळवार होता. मंगळवारी केंद्रात जुन्या रुग्णांचा सराव असतो. खालच्या हॉलमध्ये वीसेक माणसं सतरंजीवर बसून एकमेकांशी बोलत होती. कुणी विनाकारण हसत होतं, कुणी आपल्याच आवाजात पाढे म्हणत होतं. ज्यांचा गळा जाऊन परत आला ती माणसं बोलायला किती हावरी असतात ते तिथं दिसतं. यांच्याकडे मला गप्प बसण्याची भीक मागायची होती.

मधोमध रफीक मुल्ला बसले होते. सांगलीच्या हळदीच्या सौद्यात त्यांनी उभा जन्म बोली पुकारली. पट्टीनं त्यांना आवाज दिला तोही सौद्यातलाच, खिडक्यांची तावदानं थरथरतील असा. ताईचा त्यांच्यावर जीव.

"केतकी, गप का गं?" ते गरजले.

मी सगळं सांगितलं. कोनाडे, खडू, रिकामी जागा, सगळं. मग मीच म्हणाले, "तुम्ही बोलताय तेव्हा तुमचे शब्द कुठंतरी लिहिले जातायत. कदाचित तिच्याच जागेत. दुपारपर्यंत सगळ्यांनी पट्ट्या काढल्या तर मशीन थांबवता येईल."

सगळ्यांचे हात गळ्यावरच्या पट्टीकडे गेले. पट्टी काढायची म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यातला प्रत्येक जण कधीतरी असा मुका होऊन बसलेला होता, आणि मशीन पुन्हा सुरू होताना आपला आवाज परत येईलच याची हमी मीही देऊ शकत नव्हते. तसं मी सांगूनही टाकलं.

कोपऱ्यातून शेवंताबाई कोष्टी उठल्या. "माझं म्हायेरचं नाव गोदा," त्या म्हणाल्या. "हितं कागदावर दोनी नावं लिवल्यात. माझा ल्योक उद्या रागानं शेवंता खोडंल, तर माझंबी असंच व्हनार?"

"होणार, मावशी."

"मग मेल्यांनी आमाला इचारलं का न्हाई?"

एवढं बोलून त्यांनी गळ्यावरची पट्टी ओरबाडून काढली आणि टेबलावर ठेवली. त्यांच्यामागून बाकीच्या बायका आल्या, मग पुरुष. मुल्लाचाचांनी आपली पट्टी सगळ्यात शेवटी काढायचं ठरवलं, कारण जे आज केंद्रात नव्हते त्यांना फोन करायचे होते. एकेकाला ते दरडावत होते, "ए पाटील, पट्टी काढ. कारण मागनं सांगतो." लोक ऐकत होते. उभ्या जन्मात त्यांच्या पुकाऱ्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं.

एक वकील तेवढे ऐकेनात. सांगलीच्या कोर्टात त्यांचा युक्तिवाद चालू होता. त्यांनी कारकुनाकडून निरोप धाडला, संपवतो आणि काढतो. वरच्या मजल्यावर सिद्धेशच्या पडद्यावर मुल्लाचाचांचा सोडून एकच हिरवा ठिपका उरला, आणि तो ठिपका बोलत होता. मला त्या माणसाचा संताप आला. तोही आवाज गमावून परत कोर्टात उभा राहिलेला माणूस होता हे कळूनसुद्धा आला.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ फोन आला. कागलहून.

"तेजू, ताईला दे. जावईबापूंशी बोलले मी. नाव परत घालतो म्हणाले. हे बघ, फोनवर घेतलंयच त्यांना."

पडद्याच्या दुसऱ्या चौकोनात दाजी दिसले, एजन्सीत, मागं लाल ट्रॅक्टर.

"आई, नाव घालायचं नाही! मशीन नवी नोंद केली की पहिला रिकामा कोनाडा उचलतं. पहिला रिकामा कोनाडा ताईचाच आहे. तिच्या आवाजावर नवी कोरी फाइल बसेल."

"मला तुझं ते कोनाडं कळत न्हाई," आई रडत होती. "आवाजाबिगर पोरगी जगायची कशी? चार दिवस पडतं घेतलं तर काय बिघडतं?"

"मी काय मोठं मागत न्हाई," दाजी म्हणाले. त्यांचा सूर मऊ होता, देणाऱ्याचा. "वरदा, नोटीस मागं घे आणि घरी ये. बोलता येत न्हाई ते ठाऊक हाय मला. नुसती मान हलव. हितं बटण दाबतो बघ."

मी ताईकडे बघितलं. तिला मी काय देऊ शकत होते? एक काळा पडदा, एक नंबर आणि एक 'कदाचित'. समोर बटण होतं, आई होती, आणि होकाराला आवाजसुद्धा लागत नव्हता. ती मान खाली घालून उभी होती. लग्नात तांदूळ तिच्या डोळ्यांसमोर चाळवले गेले तेव्हाही तिनं अशीच मान खाली घातली होती, आणि सगळ्यांनी तो होकार धरला होता.

या वेळी तिनं मान वर केली आणि आडवी हलवली. दोनदा, कुणाला शंका राहू नये म्हणून. मग फोन माझ्या हातात कोंबला.

"मस्ती हाय नुसती," दाजी भडकले. "तुझ्या बऱ्यासाठीच करतोय. कबूल न्हाई तरी मी घालतोच नाव, मग येशील नाक घासत."

"चाचा!" मी ओरडले. "वकील!"

मुल्लाचाचांनी कारकुनाला फोन वकिलांच्या कानाशी धरायला लावला आणि शेवटचं गरजून घेतलं. "वकीलसाहेब, तुम्ही ज्या जागेत बोलायलाय ती जागा एका पोरीची हाय. आता एक अक्षर पुढं न्हाई." मग त्यांनी स्वतःची पट्टी काढली. मी जिना चढत वर धावले. पडद्यावर वकिलांचा हिरवा ठिपका अजून होता. मग तो विझला.

सिद्धेशचे हात कळफलकावर थांबले होते. "मॅडमना विचारू का एकदा?"

"त्या म्हणाल्यात, एकही नसेल तेव्हा या. मी आलेय."

त्यानं डोळे मिटले आणि मशीनपासून सगळं भांडार सोडवलं. त्याच मिनिटात माझ्या फोनमधून दाजींचा वैतागलेला आवाज आला. बटण दाबलं तर 'सेवा उपलब्ध नाही' म्हणतंय, म्हणाले. मी फोन बंद केला.

त्यानंतर मी कुठलीच घाई केली नाही. आधी सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढली. ती निघेपर्यंत खालच्या हॉलमध्ये मुकी माणसं बसून राहिली. शेवंताबाई सगळ्यांना चहा देत फिरल्या. डॉक्टर आळतेकर जिन्यात उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांनी कुणालाही अडवलं नाही.

नक्कल झाल्यावर मी ताईच्या माहेरच्या नावापुढचा नंबर घेतला आणि त्या कोनाड्यात उतरले. 'रिकामा' हा शेरा काढला. खडूचा आकडा शून्याचा एक केला. आता नाव एकच होतं, केतकी, तेव्हा एकच बरोबर. मग दुरुस्तीची आज्ञा दिली, कंपनीचा नियम काढून, आणि 'सगळ्यांना हो' न म्हणता.

ती विचारत गेली. कोष्टी शेवंता, कोष्टी गोदा, नावं दोन, आकडा एक. दुसरं नाव पुसू का? नाही. आकडा दोन करू का? हो. पुढची बाई. पुढची. दर ठिकाणी मी नाव वाचत होते, विचार करत होते आणि मगच कळ दाबत होते. सिद्धेश शेजारी बसून प्रत्येक उत्तर बघत होता. थोड्या वेळानं त्यानं मला उठवलं आणि उरलेल्या बायकांची उत्तरं स्वतः दिली, एकेक करून.

शेवटी ताई. मशीन म्हणालं, कोनाड्यातल्या काही पानांवर दोघांचा हक्क दिसतो, खराडे केतकी आणि एका वकिलाचा. मी ती पानं उघडली. आतला मजकूर वकिलांचा होता. युक्तिवादाचे शेवटचे शब्द तिथं बसले होते, ताजे. ती पानं मला त्यांना द्यावी लागली. त्याखाली ताईचं काय होतं ते मी फाइलीच्या मांडणीवरून ओळखलं आणि खुर्चीतच बसून राहिले. तिनं तीन परींनी शिकवलेल्यांपैकी पहिली पानं गेली होती. कुजबुजीची.

भांडार पुन्हा मशीनला जोडलं. खाली एकेकानं पट्टी लावली आणि हॉलमध्ये एकच गलका झाला. मुल्लाचाचा कुणालातरी शिव्या देत होते, बहुधा कंपनीला. शेवंताबाई स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघत होत्या, आधी एक, मग दुसरं.

मी खाली उतरले तेव्हा ताईनं पट्टी लावली. हिरवा दिवा लागला.

"तेजू," ती म्हणाली.

तिचाच आवाज. किंचित घोगरा, 'ते'वर जोर देणारा, माझ्या जन्मापासूनचा. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही. तिनं मला जवळ ओढलं आणि लहानपणी एका गोधडीत शिरून सांगायची तसं माझ्या कानाला तोंड लावून काहीतरी हळूच सांगायला गेली. माझ्या कानठळ्या बसल्या. ती दचकून मागं सरली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेवढाच मोठा आवाज. मग मी तिला पानांचं सांगितलं. गोधडीतलं ते बोलणं आता कधीच नाही, हे आम्हा दोघींना एकदमच कळलं. त्याबद्दल मी अजून कुणाला माफ केलेलं नाही.

माझा फोन वाजला. आई, आणि दुसऱ्या चौकोनात दाजी. ताईनं फोन घेतला.

"लागली का सेवा?" दाजी म्हणाले. "मी दाबलेलं बटण लागलं वाटतं. बोल वरदा."

"वरदाला तुम्ही सकाळी काढलंत. मी केतकी बोलतेय."

फोनमध्ये एजन्सीतली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"अगं हळू," दाजी इकडंतिकडं बघत म्हणाले. "हळू बोल जरा. लोक ऐकायल्यात."

"हळू बोलणं तुमच्या सकाळच्या बटणानं गेलं," ताई म्हणाली. "आता मला येतं ते असंच."

तिनं फोन बंद करून मला दिला. जिन्याशी उभ्या असलेल्या नर्सनं सवयीनं ओठांवर बोट ठेवलं आणि मग आपणच ते खाली घेतलं. ताईनं ओढणी सावरली आणि हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "चल तेजू, घरी जाताना साखर घ्यायचीय. संपलीय."